शिंगं मोजायची की माद्या कमी करायच्या? पेनसिल्व्हेनियातली हरणं, जंगल आणि शिकारी

जावळीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मूळचा जावळी खोऱ्यातला. गेली एकोणीस वर्षं मध्य पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे आल्यावर शेजारच्या आजोबांनी मला जंगलात नेलं, रायफल धरायला शिकवलं आणि पॉटर काउंटीतल्या त्यांच्या जुन्या लाकडी कॅम्पवर जागा दिली. इथे 'कॅम्प' म्हणजे शिकारीच्या हंगामापुरतं वापरायचं, चूल आणि बंक असलेलं घर. त्याच कॅम्पच्या टेबलावर आमचा दरवर्षी एकच वाद होतो. आजोबा म्हणतात, "त्यांनी आमची हरणं संपवली." मी म्हणतो, "जंगल परत येतंय." पंधरा वर्षं वाद घातल्यावर आता मला वाटतं की आम्ही दोघंही खरं बोलतोय. ते नीट मांडता यावं म्हणून हा धागा.

आधी मागच्या हंगामातली पहिली सकाळ सांगतो. साडेपाचला निघालो, बर्फाचा पातळ थर होता. एका जुन्या हेमलॉकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो. सव्वासातला खालच्या ओहोळातून एक मादी वर आली, तिच्या मागे पंचवीस पावलांवर नर. दुर्बीण लावली. आमच्या भागात नर मारायचा तर एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं हवीत, आणि टोक म्हणून मोजायचं तर ते निदान एक इंच लांब हवं. मुख्य दांड्याचं टोक दिसलं, त्यावरचा उभा फाटा दिसला. तिसरा असतो तो कपाळाजवळचा छोटा फाटा. तो कानाच्या आड होता. नराने मान खाली घातली, पानं उकरली, पुन्हा वर केली, आणि मला कधी टोक दिसल्यासारखं वाटायचं, कधी ती मागची काटकी असायची. ट्रिगरवर बोट ठेवलंच नाही. अर्ध्या मिनिटात मादी वळली, तोही वळला. संध्याकाळी आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी शिंग दिसलं की पुरे होतं."

खरंच पुरे होतं. २००२ पूर्वी तीन इंचांचा सरळ सुळका किंवा दोन टोकं असली की नर कायदेशीर. त्यामुळे मारल्या जाणाऱ्या नरांत बहुतेक दीड वर्षाचे असायचे, पहिलीच शिंगं आलेले. तीन-चार वर्षांचा नर कित्येकांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

ही वेळ का आली त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे हरीण जवळजवळ संपलं होतं. जंगलं सपाट तोडलेली आणि मांसाचा धंदा बेलगाम. १८९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन स्थापन झालं. १९०६ पासून मिशिगनसारख्या बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९०७ मध्ये मादी मारायला बंदी आली. मोकळ्या झालेल्या रानात कोवळं खाणं भरपूर, लांडगे आणि प्यूमा आधीच संपलेले, माद्यांना संरक्षण. वीस वर्षांत कळप फुगला आणि नवी झाडं फस्त व्हायला लागली. पण 'मादी मारणं पाप' हे तोवर शिकाऱ्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की माद्यांचा हंगाम जाहीर झाला की दंगा ठरलेला. गेम कमिशनचेच शास्त्रज्ञ रॉजर लॅथम यांनी माद्या कमी करा असं ठामपणे मांडलं, आणि १९५७ मध्ये त्यांना नोकरी गमवावी लागली.

१९९९ मध्ये हरणांचं काम गॅरी आल्ट यांच्याकडे आलं. अस्वलांचे अभ्यासक म्हणून ते राज्यभर लोकप्रिय होते. गावोगावच्या शाळांच्या सभागृहांत, अग्निशमन केंद्रांत जाऊन त्यांनी शेकडो भाषणं दिली. एका पडद्यावर भरलेलं जंगल, दुसऱ्यावर हरणांनी साफ केलेलं. धमक्या आल्या, काही सभांना ते बुलेटप्रूफ जाकीट घालून गेले. २००४ च्या अखेरीस ते पद सोडून गेले, पण तोवर दोन मोठे बदल झाले होते. ते दोन्ही जवळजवळ एकाच वेळी आले, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला असं माझं मत आहे.

पहिला बदल शिंगांचा. २००२ पासून राज्याच्या बहुतेक भागात एका बाजूला तीन टोकं, पश्चिमेकडे चार. पश्चिमेला मका-सोयाबीनची शेतं आहेत. तिथल्या दीड वर्षाच्या नरालाच जास्त टोकं येतात, म्हणून तिथे अट कडक. (२०११ पासून तिकडे कपाळाजवळचा फाटा सोडून वर तीन टोकं मोजतात.) मुलांना, अपंगांना आणि सेवेतल्या सैनिकांना या अटीतून सूट आहे.

दुसरा बदल माद्यांचा. आधी दोन आठवडे नरांचे, मग तीन दिवस माद्यांचे अशी पद्धत होती. २००१ पासून दोन्ही एकत्र केले आणि माद्यांचे परवाने वाढवले. २००२ च्या हंगामात मिळून सुमारे ५ लाख १७ हजार हरणं मारली गेली, त्यांत साडेतीन लाखांवर माद्या आणि पाडसं. राज्याचा तो विक्रम.

शिंगांच्या अटीने कळप कमी होत नाही, हे नीट लक्षात घ्या. एक नर कित्येक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर वाचवले किंवा मारले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. कळप कमी होतो तो माद्या कमी केल्याने. पण शिकाऱ्याच्या नजरेतून काय झालं? अमुक साली नियम बदलले आणि पुढच्या तीन वर्षांत जंगल रिकामं झालं. मग कोणी शिंगांना शिव्या देतो, कोणी माद्यांच्या परवान्यांना. आणि शिंगांची अट आवडलेला माणूससुद्धा मोठा नर मिळाला की त्याचं श्रेय माद्या मारण्याला देतो.

आकडे बघा. २००० आणि २००१ मध्ये वर्षाला दोन लाखांवर नर मारले गेले. २००५ मध्ये १ लाख २० हजार. त्यातली काही घट मुद्दाम केलेली, कारण दीड वर्षाचे नर आता वाचत होते. काही घट कळप आटल्याची. आर्मस्ट्राँग आणि सेंटर काउंटीत नरांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास झाला. त्यात अटीमुळे वाचलेले बहुतेक तरुण नर पुढच्या हंगामापर्यंत जगले. म्हणजे लोकांनी नियम पाळला. २०२३-२४ मध्ये मारलेल्या नरांची संख्या पुन्हा १ लाख ७० हजारांवर आली, आणि आता त्यांतले साधारण दोन-तृतीयांश अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात.

आता जंगलाची बाजू. आमच्या कॅम्पपासून पाऊण तासाच्या चालीवर राज्याच्या जंगलात एक कुंपण आहे, आठ फूट उंच तारेचं. तोड झाल्यावर नवी झाडं यावीत म्हणून हरणं बाहेर ठेवली आहेत. कुंपणाच्या बाहेर गुडघाभर नेचं पसरलंय, कुस्करलं की सुक्या गवताचा वास येतो. हरीण ते खात नाही. त्याखाली अंधार, त्यामुळे बी रुजलं तरी रोप मरतं. वर साठ-सत्तर वर्षांची झाडं, खाली नेचं, आणि मध्ये काहीच नाही. हरणाची मान पोचते तिथवर फांद्या कापल्यासारखी सरळ रेघ. तारेच्या आत हात घातला तर मनगटाला बर्च, मेपल, चेरीची रोपं लागतात, आणि मे महिन्यात तिथे ट्रिलियमची तीन पाकळ्यांची पांढरी फुलं असतात. तारेच्या एका वीतभर अंतराचा हा फरक आहे.

८० च्या दशकात वायव्य पेनसिल्व्हेनियात वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी कुंपणं घालून आत दर चौरस मैलाला १०, २०, ४० आणि ८० या प्रमाणात हरणं दहा वर्षं ठेवली. वीसच्या वर गेलं की रोपांचे प्रकार कमी होत गेले, नेचं वाढलं, आणि मधल्या उंचीवर घरटी करणारे पक्षीही कमी झाले. एखादं झाड हरणाने खाल्लं हा प्रश्न नाही, पुढच्या शंभर वर्षांचं जंगलच रुजत नाही हा आहे. म्हणून मी माद्या कमी करण्याच्या बाजूने उभा आहे, आणि दरवर्षी मादीचा परवाना काढतो.

पण आजोबांचंही ऐका. ते १२ वर्षांचे असल्यापासून त्याच कड्यावर बसतात. पूर्वी पहिल्या दिवशी तीस-चाळीस हरणं दिसायची. २००६ नंतर तीन दिवस बसून एकही न दिसलेले हंगाम त्यांनी काढले. त्यांच्या कॅम्पवर पूर्वी अकरा माणसं यायची, आता आम्ही चौघं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी इथल्या गावांत शाळांना सुट्टी असायची, बाप-लेक एकत्र जायचे. २०१९ पासून हंगामाचा पहिला दिवस त्या सोमवारवरून शनिवारवर गेला, तेही त्यांना लागलं. रिकाम्या जंगलात थंडीत बसून चौदा वर्षांचा पोरगा किती वेळा येईल? राज्यात ८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा लाखांच्या आसपास शिकारी होते, आता नऊ लाखांहून कमी आहेत. याची कारणं अनेक, पण रिकामा कडा हे त्यातलं एक नक्की आहे.

तुमच्यापैकी अमेरिकेत कोणी शिकार करत असेल, किंवा शेतात हरणांचा त्रास असेल, तर तुमच्या भागात काय दिसतं ते लिहा.

---

साधना_पुणे

लेख वाचताना पाच लाखांच्या आकड्यावर थबकले. मी शाकाहारी आहे आणि ते सोडा, पण एक प्रामाणिक प्रश्न: निसर्गाला आपलं आपण संतुलन राखू दिलं तर? माद्या मारायच्याच कशाला? उपासमारीने संख्या कमी होईलच ना?

---

जावळीकर

साधनाताई, प्रश्न अगदी रास्त आहे. संख्या उपासमारीने कमी होते, पण त्याआधी जंगल संपतं. हरीण आधी आवडतं ते खातं, मग नावडतं खातं, शेवटी साल खातं. कडक हिवाळ्यात माणसांना हाडं बाहेर आलेली पाडसं बर्फात सापडलेली आहेत. आणि पुढच्या वर्षी उरलेल्या माद्यांना पुन्हा जुळी होतात, चक्र परत सुरू.

आपल्या ताडोब्यात चितळ का माजत नाहीत? वाघ, बिबट्या, रानकुत्रे आहेत. इथे ते काम करणारे लांडगे आणि प्यूमा सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच माणसाने संपवले. अस्वलं आणि कोयोटी बरीच पाडसं नेतात, पण ती पुरत नाहीत. जो प्राणी ही संख्या राखायचा तो आपणच काढला, तर त्याचं काम आपल्याच गळ्यात पडतं, असं मला वाटतं. मला ते आवडतं म्हणून नाही. मादी पाडल्यावर तिच्या जवळ गुडघे टेकून बसलो की दरवेळी मी थोडा वेळ काही बोलत नाही.

मांस वाया जात नाही, हेही सांगतो. १९९१ पासून इथे एक योजना आहे. शिकारी हरीण कसायाकडे देतो आणि त्याचं मांस अन्नछत्रांत जातं. मी गेली पाच वर्षं एक हरीण तिथेच देतो.

---

लँकेस्टरकर

जावळीकर, लेख मनापासून आवडला, पण चित्र अर्धं आहे. तुमच्या उत्तरेच्या मोठ्या जंगलात हरीण कमी झालं असेल. आमच्या आग्नेय भागात उलट आहे. माझ्या अंगणात काल संध्याकाळी नऊ माद्या होत्या. टोमॅटो, होस्टा, सगळं साफ. दोन वर्षांत आमच्या दोन गाड्या हरणावर आदळल्या.

परवाने हवे तेवढे मिळतात इथे. पण बंदूक चालवायची तर राहत्या घरापासून १५० यार्डांचं अंतर लागतं, धनुष्याला ५०. प्लॉट पाव-पाव एकराचे. मारायचं कुठे? म्हणजे जिथे माणूस सहज जाऊ शकतो त्या सरकारी जंगलात माद्या भराभर कमी झाल्या, आणि जिथे हरीण खरोखर दाटलंय तिथे कोणाचा हात पोचत नाही. परवान्यांचा आकडा दोघांना सारखाच लागू केला तर अन्याय तुमच्या आजोबांवरच होणार.

---

जावळीकर

लँकेस्टरकर, हा मुद्दा मी लेखात घ्यायला हवा होता. अगदी बरोबर. २००३ पासून काउंटीऐवजी राज्याचे मोठे विभाग केले आणि प्रत्येक विभागाचे परवाने वेगळे ठरतात. पण एका विभागातही दहा हजार एकरांचं मोकळं जंगल आणि 'आत येऊ नका'चे फलक लावलेली खाजगी जमीन शेजारी-शेजारी असते. शिकाऱ्यांची गर्दी मोकळ्या बाजूला होते.

यावर एक चांगला उपाय त्याच साली आला, डीमॅप. जमिनीच्या मालकाला आपल्या विशिष्ट जागेपुरते माद्यांचे जादा परवाने मिळतात. किंझुआच्या परिसरात मॅककीन काउंटीत सुमारे ७४ हजार एकरांवर वनखातं, लाकूड कंपन्या आणि स्थानिक लोकांनी मिळून २००० पासून असंच काम सुरू केलं होतं, २००३ नंतर डीमॅपचे परवानेही वापरले. हरणं मोजली, परवाने जिथे हवेत तिथेच दिले, शिकाऱ्यांसाठी रस्त्यांवरचा बर्फ काढला, हरणं कुठे आहेत त्याचे नकाशे वाटले. कळप साधारण निम्म्यावर आला. मग ट्रिलियमची फुलं वाढली, रोपं वर आली, आणि हरणांची वजनं आणि शिंगंही सुधारली. मला त्यातलं सगळ्यात पटलं ते हे, की लोकांना दरवर्षी मोजणीचे आकडे समोर ठेवून दाखवले.

---

मृणाल_मॅडिसन

विस्कॉन्सिनमधून लिहितेय. इथे शिंगांची अट नव्हती, वेगळाच प्रयोग होता: आधी मादी मारा, मगच नर मारायचा हक्क. 'अर्न अ बक' म्हणायचे त्याला. १९९६ मध्ये सुरू झाला. कळप कमी करायला त्याच्याइतकं काहीच प्रभावी नव्हतं, आणि शिकाऱ्यांना त्याच्याइतकं काही नकोसंही नव्हतं. समोर आयुष्यातला सगळ्यात मोठा नर उभा आहे आणि तुम्ही अजून मादी मारलेली नाही, म्हणून हात बांधलेले. २०११ मध्ये विधिमंडळाने तो कायद्यानेच बंद केला.

पण मला दुसरंच विचारायचंय. २००२ मध्ये आमच्या डेन काउंटीत सीडब्ल्यूडी सापडला. हा हरणांचा मेंदूचा रोग. प्राणी सुकत जातो, लाळ गळते, मरतो. औषध नाही, लस नाही. मोठ्या नरांमध्ये तो माद्यांपेक्षा जास्त सापडतो, कारण ते दूरवर फिरतात आणि माजाच्या काळात अनेकांशी संपर्क येतो. मग शिंगांची अट घालून तुम्ही नेमके तेच नर वाढवताय ना? मिसूरीने रोग असलेल्या काउंट्यांमध्ये शिंगांची अट काढून टाकली आहे.

---

जावळीकर

मृणालताई, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पेनसिल्व्हेनियात हा रोग २०१२ मध्ये सापडला, आधी ॲडम्स काउंटीत पाळीव हरणात, मग ब्लेअर आणि बेडफर्डमधल्या जंगली हरणांत. तेव्हापासून तो पसरतोय.

माझं मत: जिथे रोग घट्ट बसलाय तिथे शिंगांची अट सैल करावी, अगदी मोठी शिंगं आवडणाऱ्यांचा विरोध पत्करून. आणि तिथे माद्या कमी करणंही दुप्पट महत्त्वाचं, कारण दाट कळपात रोग पळतो. दीड वर्षाचा नर स्वतःचं जन्मस्थान सोडून मैलोन्‌मैल लांब जातो, बहुतेक नर जातातच. तो वाचला आणि बाधित असला तर रोगही त्याच्याबरोबर गेला.

---

ब्लेअरची_आई

मृणाल आणि जावळीकर, तुम्ही ज्या भागाबद्दल बोलताय तिथेच मी राहते, म्हणून लिहिते. शिकारीत माझा स्वतःचा रस शून्य होता. नवरा इथलाच, लेक चौदा वर्षांचा.

मागच्या वर्षी त्याने पहिलं हरीण मारलं. सुळक्याचा नर, प्रत्येक बाजूला एकच टोक. तो ज्युनियर असल्यामुळे कायदेशीर. माझ्या सासऱ्यांना असला नर मारायला आता बंदी आहे, ते बाजूला उभे राहून नातवाला शांतपणे "श्वास सोड, मग दाब" म्हणत होते. ती सूट ठेवली हे फार चांगलं केलं. मुलाला पहिल्याच वर्षी धुक्यात टोकं मोजायला लावलं असतं तर तो परत गेला नसता.

मग रोगाचं. आमच्या भागातून मेंदू आणि मणका बाहेर न्यायला मनाई आहे. हरीण तिथेच कापलं, मुंडकं पिशवीत बांधलं, त्यावर परवान्याची माहिती भरलेला टॅग लावला आणि रस्त्याकडेला ठेवलेल्या मोठ्या लोखंडी पेटीत टाकलं. तपासणी फुकट. निकाल यायला काही आठवडे गेले, तोवर मांस फ्रीझरमध्ये तसंच, पाकिटांवर मार्करने तारीख. 'रोग आढळला नाही' असं कळलं त्या दिवशी मी खिमा केला, आलं-लसूण-गरम मसाला घालून. लेकाने सासऱ्यांना डबा नेऊन दिला. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो, कारण निकाल उलटा आला असता तर त्याला काय सांगितलं असतं?

---

ह्यूस्टनकर

टेक्सासचा नियम वेगळा आहे म्हणून टाकतो. आमच्या बऱ्याच काउंट्यांमध्ये टोकं मोजतच नाहीत, शिंगांची आतली रुंदी बघतात: १३ इंच. हरणाचे कान ताठ असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तेवढं अंतर असतं. शिंगं कानांच्या बाहेर गेली की मारा. एका बाजूला फाटा नसलेलं शिंग असेल तर तेही चालतं. दूरवरून, कमी उजेडात हे टोकं मोजण्यापेक्षा खूप सोपं जातं. शिवाय लवकर भरपूर टोकं आलेला चांगला तरुण नर वाचतो, जो तुमच्या पद्धतीत पहिल्याच वर्षी मारला जातो.

---

वरोऱ्याचा_शेतकरी

धागा वाचला. इकडे रोही आणि रानडुक्कर. सोयाबीन, तूर, हरभरा, काहीच सोडत नाहीत. पेरणीपासून काढणीपर्यंत मचाणावर जागल करावी लागते, पत्र्याचे डबे वाजवत. दोन वर्षांमागे माझ्या चुलतभावाला डुकराने मांडीला फाडलं. कायद्याने शिकार बंद आहे, १९७२ पासून. नुकसान करणारं जनावर मारायला वनखात्याची परवानगी मिळू शकते असं म्हणतात, पण परवानगी येईपर्यंत पीक जातं, आणि मारणार कोण? आमच्याकडे कोणाकडे बंदूक नाही.

तुमच्यासारखा परवान्याचा हंगाम इकडे चालेल का?

---

जावळीकर

दादा, तुमच्या जागलीबद्दल वाचून वाईट वाटलं. लहानपणी आमच्याकडे भातावर डुकरं यायची, आजोबा रात्रभर ओरडायचे, ते आठवलं.

इथला हंगाम जसाच्या तसा तिकडे चालेल असं मी म्हणणार नाही. रोह्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत, त्यामुळे शिंगांच्या अटीला तिकडे अर्थच नाही. तुमच्या भागात वाघ आहे, आणि रोही-डुक्कर हे त्याचं अन्न आहे. इथली शिकारीची यंत्रणा शंभर वर्षांत उभी राहिली, शिकाऱ्यांच्याच परवान्याच्या पैशावर. इथून नेण्यासारखं काही असेल तर ते मोजणं. एका गावाच्या शिवारात चार छोटी कुंपणं घालून आत-बाहेर पीक किती येतं ते तीन हंगाम नोंदवलं, तर नुकसानीचा आकडा तुमच्या हातात असतो आणि कोणाला तो सहज नाकारता येत नाही. इथे ट्रिलियमची फुलं मोजून माणसांची मनं वळली, म्हणून म्हणतो.

---

निसर्गवेडी

एक शंका. तुम्ही मोजताना चुकलात आणि तीनऐवजी दोन टोकांचा नर मारला, तर? लोक तो तिथेच टाकून पळत नाहीत का?

---

जावळीकर

काही पळतात, ते खरं आहे. पण चूक झाली तर कळवायची सोय आहे: हरीण अधिकाऱ्यांना द्यायचं, थोडी भरपाई भरायची, गुन्हेगारासारखी वागणूक मिळत नाही. आमच्या कॅम्पवरच्या एकाकडून २०१४ मध्ये असं झालं. कपाळाजवळचा फाटा त्याला एक इंचाचा वाटला, हातात घेऊन मोजला तर पाऊण इंच. माणूस पन्नाशीचा, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने स्वतः फोन केला. त्यानंतर तो दुर्बिणीशिवाय जंगलात जात नाही, आणि नुसत्या 'वाटलं'वर गोळी झाडत नाही. अटीचा हा एक परिणाम आकड्यांत दिसत नाही, पण मला तो मोलाचा वाटतो: माणूस आता थांबून बघतो, आणि बंदुकीच्या टोकाला नेमकं काय आहे ते ओळखल्याशिवाय दाबत नाही.

---

लँकेस्टरकर

आजोबांचं पुढे काय झालं? यंदा येणार का ते?

---

जावळीकर

येणार आहेत. जूनमध्ये त्यांना त्या कुंपणापाशी घेऊन गेलो. ८३ वर्षांचे आहेत, पाऊण तासाच्या वाटेला दोन तास लागले. तारेला धरून बराच वेळ उभे होते. आतल्या रोपांची नावं त्यांनीच मला सांगितली, पिवळा बर्च, साखर मेपल, हॉबलबुश. हॉबलबुश लहानपणी वडिलांबरोबर पाहिलं होतं, म्हणाले. माद्यांच्या परवान्यांबद्दल त्यांचं मत बदललं का, ते मी विचारलं नाही.

परतताना त्यांनी स्वतःच एक गोष्ट सांगितली, ती इथल्या नव्या शिकाऱ्यांच्या कामाची आहे. पूर्वी जंगल खालून मोकळं होतं, कड्यावर बसलं की दोनशे यार्ड दिसायचं, आणि शेकडो माणसं फिरत असल्यामुळे हरीण सतत हलायचं. आता माणसं कमी, हरणं कमी, आणि जिथे तोड होऊन सहा-सात वर्षं झालीत तिथे माणसाच्या डोक्याइतकी उंच, दाट झाडी आली आहे. मोठा नर दिवसभर त्या झाडीत पडून राहतो. कड्यावर बसून तो दिसणार नाही.

घरी आल्यावर त्यांनी कॅम्पच्या भिंतीवरचा जुना नकाशा काढून टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने तीन वर्तुळं काढली. तिन्ही जुन्या तोडीच्या कडेला, जिथे झाडीतून ओहोळाकडे जाणारी पायवाट निघते. ओहोळाजवळच्या वर्तुळापाशी पाठ टेकायला एक पडलेला ओक आहे, चालायला फार नाही. पहिल्या शनिवारी ते तिथे बसतील, आणि मी वरच्या बाजूने हळूहळू झाडीतून खाली येईन.